गाठ तासायची नाही! : लाकडी धनुष्यातून विज्ञानाचा पाठ



कार्यानुभवाच्या तासाला आठवीतल्या एका मुलाने धामणीच्या लाकडाचं धनुष्य करायला घेतलं होतं. धामण म्हणजे चिवट आणि लवचिक लाकूड. संस्कृतात तिला धनुर्वृक्ष असंही म्हणतात. महिनाभर तो कोयता आणि कानस घेऊन बसायचा. धनुष्य छान वाकू लागलं होतं, फक्त पाठीवर एका गाठीचा उंचवटा तसाच होता. प्रदर्शन दोन दिवसांवर आलेलं. मी म्हटलं, "अरे, ही गाठ तेवढी सपाट कर, नीट दिसेल." तो म्हणाला, "सर, आजोबा म्हणतात गाठीला हात लावायचा नाही." मी ऐकलं नाही. स्वतः कानस घेतली आणि गाठ गुळगुळीत केली. दुसऱ्या दिवशी दोरी ओढली आणि धनुष्य नेमकं तिथेच मोडलं.

मुलगा काही बोलला नाही. चूक माझी होती. ती का झाली, हे शोधताना जे शिकलो तोच आजचा पाठ.

१) वाकताना लाकडात काय होतं?

एक जाड खोडरबर घ्या. त्याच्या कडेवर पेनाने जवळजवळ उभ्या रेघा मारा आणि तो वाकवा. बाहेरच्या बाजूला रेघा लांब जातात, आतल्या बाजूला जवळ येतात. धनुष्याचंही तसंच असतं. लक्ष्याकडची बाजू म्हणजे पाठ. ती ताणली जाते. आपल्याकडची बाजू म्हणजे पोट. ते दाबलं जातं. ताण झेलतात ते लाकडाचे उभे तंतू, म्हणून पाठीवरचे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड हवेत. यासाठी जाणकार कारागीर पाठीवर वाढीचं एकच वलय राखतात, ते कुठेही कापत नाहीत.

२) मग गाठीचं काय?

जिथे फांदी फुटलेली असते तिथे गाठ येते. ओढ्यातलं पाणी दगडाला वळसा घालून जातं, तसे तंतू गाठीला वळसा घालतात आणि तिथे फुगवटा येतो. आपण तो सपाट केला की वळसा घेणारे तंतूच कापले जातात. तुटलेला तंतू ताण झेलू शकत नाही आणि फाटायला तिथूनच सुरुवात होते. उपाय साधा आहे : पाठीवरचा उंचवटा राहू द्यायचा आणि गाठ कडेला असेल तर तिथे रुंदी थोडी जास्त ठेवायची.

ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडचं 'मेरी रोज' हे लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं गेलं. त्यातून यू नावाच्या झाडाच्या लाकडाची १३७ अखंड धनुष्यं मिळाली. त्यांवरही गाठींच्या जागी जास्तीचं लाकूड राखलेलं दिसतं. ही प्रदर्शनातली नाही, लढाईची धनुष्यं होती!

३) इतर दोष कसे ओळखाल?

- भेग : ओंडक्याची टोकं आधी वाळतात आणि तडकतात, म्हणून ओल्या लाकडाच्या टोकांना लगेच रंग, मेण किंवा डिंक लावावा. उभी बारीक भेग बरेचदा चालून जाते, पाठीवरची आडवी भेग मात्र घातकच.
- किडलेली गाठ : नखाने टोकरल्यावर भुसा निघाला तर ते लाकूड धनुष्यासाठी घेऊ नये.
- पोटावर आडव्या सुरकुत्या : दाबाने तंतू चुरडले गेल्याची ही खूण. तिथे लाकूड जास्त वाकतंय.

४) यातलं गणित

लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी १० मिमीवरून ९ मिमी झाली तर ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९, म्हणजे ताठपणा सुमारे २७ टक्के कमी! रुंदी तेवढीच घटवली तर फक्त १० टक्के. म्हणून थोडं तासायचं, थोडं वाकवायचं, लांबून बघायचं. जिथे जास्त वाकतंय तिथे हात लावायचा नाही, जिथे ताठ आहे तिथेच तासायचं. कमकुवत जागेला लाकूड परत चिकटवता येत नाही. बाकीचं धनुष्यच तिच्या बरोबरीला आणावं लागतं.

५) वर्गात करायचा उपक्रम

आइस्क्रीमच्या दोन काड्या घ्या. दोन्हींच्या मध्यावर ब्लेडने एक उथळ आडवी चीर पाडा (हे शिक्षकांनीच करावं). एक काडी चीर बाहेर ठेवून वाकवा, दुसरी चीर आत ठेवून. कोणती आधी मोडते? का? उत्तर मुलांना शोधू द्या. काडी चेहऱ्यापासून दूर धरायची आणि चष्मा लावायचा. खरं धनुष्य असेल तर माणसावर किंवा प्राण्यावर कधीही रोखायचं नाही. बाण न लावता दोरी ओढून सोडायचीही नाही, कारण सगळा जोर धनुष्यातच राहतो आणि ते मोडू शकतं.

मी त्या मुलाची वर्गासमोर माफी मागितली. आठवड्याने तो दुसरं लाकूड घेऊन आला. याला दोन गाठी होत्या. "सर, या वेळी मी सांगतो, तुम्ही फक्त धरा," असं म्हणाला. मी धरलं.

पालकहो, घरात आजी-आजोबांना असं काही येत असेल, तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा. आणि गुरुजनहो, मूल "हात लावू नका" म्हणालं, तर आधी "का रे?" विचारा. मी विचारलं नव्हतं.