जुने इंजिन आणि इथेनॉल



मागील पालक-सभेत एका पालकांनी आम्हांस विचारले, "आमची स्कूटर पंधरा वर्षांची आहे. इथेनॉलच्या पेट्रोलने ती बिघडेल का? नवी घेणे तर परवडत नाही." प्रश्न घरखर्चाचा आहे, तसाच विज्ञानाचाही आहे. म्हणून हा पाठ.

उसाची मळी किंवा मका यांसारखे धान्य आंबवून इथेनॉल तयार करतात. पीक पुन्हा घेता येते, म्हणून हे नवीकरणीय इंधन. ब्राझीलने १९७५ साली याची राष्ट्रीय योजना सुरू केली. भारतात २००१ साली मिरज, मनमाड व बरेली येथे प्रायोगिक सुरुवात झाली. २०२५ साली पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले.

आता गणित करू या. १ लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून १ लिटर मिश्रणात:

०.८ + (०.२ × २/३) = ०.९३

म्हणजे ऊर्जा सुमारे ७ टक्के कमी. लिटरला ४५ किलोमीटर चालणारी गाडी ४२ च्या आसपास चालेल.

दुसरी गोष्ट हवेची. १ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो पुरते. कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. नव्या गाडीतील सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या जेटचे छिद्र मात्र ठरलेले असते. इंधन थोडे कमी पडते व थंडीत गाडी उशिरा सुरू होते. एक लाभही आहे: इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त, त्यामुळे इंजिनात ठोके कमी पडतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत पाणी जास्त झाले की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते आणि गाडी बंद पडते. जुने रबरही त्याने फुगते किंवा चिरते.

तेव्हा स्कूटर भंगारात काढण्याचे कारण नाही. रबरी नळ्या तपासून घ्याव्यात, टाकीचे झाकण घट्ट असावे, लांब सुट्टीत गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. घरी टाकीत स्पिरिट मिसळण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

स्वाध्याय: इथेनॉल १० टक्के असेल तर ऊर्जा किती टक्के कमी होईल? उत्तर काढून घरी समजावून सांगा.