दिवेलागणीची रपेट

प्रश्न: घोडी सकाळी शहाण्यासारखी चालते, संध्याकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर मात्र बिचकते. तिला अंधारात कमी दिसत असेल का? (एक वाचक, बारामती तालुका)

उत्तर: उलट, बऱ्यापैकी दिसते. घोड्याच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा पडदा असतो; त्यामुळे अंधुक उजेडात त्याची नजर माणसाहून सरस ठरते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला सुमारे 350 अंशांचा परिसर दिसतो. नेमके शेपटीमागचे आणि नाकाखालचे तेवढे सुटते.

अडचण वेगळीच आहे. उजेडातून अंधारात जाताना घोड्याचे डोळे माणसापेक्षा सावकाश सरावतात. समोरून हेडलाइट आला, की घोडी काही काळ आंधळीच. त्यात ऊसतोडणीचा हंगाम, टेललाइट नसलेल्या ट्रॉल्या आणि ट्रॅक्टरवर कर्कश गाणी! अशा वेळी माणूसही दचकतो, घोडीला दोष कशाला?

म्हणून सूर्य मावळण्याआधी तासभर निघावे आणि उजेड असतानाच परतावे. उशीर झालाच तर घोडीच्या पायांना आणि स्वाराच्या जाकिटाला चमकणाऱ्या पट्ट्या हव्यातच; मागे लाल दिवाही हवा.

डांबरावर दौड नको. लोखंडी नाल गुळगुळीत रस्त्यावर घसरते आणि सांध्यांना हादरे बसतात. दुडकी चालवायची तर कडेच्या मातीवर. वाहन जवळ आले की लगाम आवळून धरण्याचा मोह आवरावा, कारण हाताचा ताण तोंडातल्या कडीवाटे लगेच तिच्यापर्यंत पोहोचतो. शेवटचा किलोमीटर साध्या चालीने यावे. दारात उतरल्यावर आधी तंग सैल करावा, चहा नंतर.