जिन्यावरून पडले म्हणू नकोस

अगं, ‘ताई, मागचं सगळं आता कोर्ट कशाला ऐकेल?’ म्हणतेस. ऐकतं गं. फक्त कसं ऐकतं ते समजून घे.

नवरा तापट आहे, शेजाऱ्यांशी भांडतो, असल्या गोष्टी फौजदारी खटल्यात सहसा चालत नाहीत. पण छळ हाच गुन्हा असेल, तर तुला झालेला जुना त्रास म्हणजेच खटला. आपल्याकडचं जुनं 498 अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85. तिकडे सौदीत, यान्बूत घडलं म्हणून भारतातलं दार बंद होत नाही. खटला चालवायला केंद्र सरकारची परवानगी लागते, एवढंच.

पुण्याचं सारडा प्रकरण बघ. 1982 मध्ये बीडची एक मुलगी लग्नानंतर चारच महिन्यांत गेली. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं सुप्रीम कोर्टाने 1984 मध्ये पुरावा म्हणून ग्राह्य धरली. खरं सांगू का, तरी आरोपी सुटला. पत्रांतून तिचं दुःख कळलं, खून सिद्ध झाला नाही. पुरावा दाखल होणं वेगळं, तो पुरेसा ठरणं वेगळं. तू तर स्वतः सांगायला आहेस, बाई! तुझी साक्ष मुख्य, मला केलेले मेसेज तिला टेकू.

म्हणून ते मेसेज असलेला जुना फोन एक्सचेंजमध्ये देऊ नकोस. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात (निवडणुकीचं भांडण, पण आपल्या कामाचं) 2020 मध्ये कोर्टाने सांगितलं, की मूळ फोन मालकाने स्वतः साक्षीत हजर केला तर वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. नुसत्या प्रिंटआउटला लागतं. मी रेसिपींचे साठवते तसे नुसते स्क्रीनशॉट साठवून भागणार नाही. आणि तू चिडून नवऱ्याला जे लिहिलंस, तेही राहू दे. मधलेच मेसेज गायब दिसले की समोरचा वकील नेमकं तेच धरतो.

चोरून रेकॉर्डिंग मात्र तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय नको. सौदीचा 2007 चा सायबर गुन्ह्यांचा कायदा खाजगीपणाबाबत कडक आहे, तूच अडकशील.

आता डॉक्टर. हातावरचा वळ दाखवताना ‘जिन्यावरून पडले’ म्हणालीस, तर कागदावर जिनाच येणार! उद्या तोच कागद तुझ्याविरुद्ध वाचला जाईल. कोणी मारलं, कधी, कशाने, ते सांग आणि रिपोर्टची प्रत माग. लाजू नकोस. सौदीत 2013 पासून छळापासून संरक्षणाचा कायदा आहे, आणि असा प्रकार कळला तर तो कळवणं बंधनकारक आहे. तुलाही 1919 वर फोन करता येतो. यान्बू जेद्दाच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे येतं, तिथेही लेखी कळव आणि पोच जपून ठेव.

सगळं आजच नको करूस, दमशील. नवरा ड्युटीवर गेला की आधी पासपोर्ट आणि इकामाचा (तिथल्या राहण्याच्या परवान्याचा) फोटो मला पाठव.