डिस्कांची वाटणी

अरे, लग्नांचे नऊ टीबी फोटो-व्हिडिओ बॅकअपला काढायचे म्हणतोस, तर आधी माउस सोड आणि वही घे. एक डिस्क भरली की उरलेलं दुसरीवर, ही पद्धत सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट. हळद एका डिस्कवर, मंगलाष्टका दुसरीवर. पार्टीनं दोन वर्षांनी अल्बम मागितला की बस शोधत. वाटणी वर्षावार कर. वर्ष मावत नसेल तर महिन्यावर तोड, पण एका कार्याचं फोल्डर फोडायचं नाही म्हणजे नाही.

चार टीबीची डिस्क विंडोजवर ३.६३ दिसेल. दुकानदाराशी भांडू नकोस. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४नं. त्यातलाही दहावा हिस्सा मोकळा ठेव. हिशेब सव्वातीनचा धर, म्हणजे तुला तीन डिस्का लागतील.

झिप-रारचे तुकडे करू नकोस. मधला एक तुकडा बिघडला की मोठी फाइल गेलीच. चार डिस्का मिळून एकच मोठी डिस्क दाखवायची सोय असते, तीही नको. एक बसली की सगळं बसतं. कुठलीही डिस्क उचलून कुठल्याही लॅपटॉपला लावली, तरी तिच्यातलं सगळं उघडलं पाहिजे. त्यासाठी एक्सफॅट बरं, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतं. मात्र इजेक्ट केल्याशिवाय वायर ओढायची नाही. फॅट३२वर चार जीबीहून मोठी फाइल बसतच नाही, आणि तुझे व्हिडिओ तर त्याहून मोठे!

आता खरी गोष्ट ऐक. नुसती वाटणी म्हणजे बॅकअप नव्हे. मूळ फाइली कॉम्प्युटरवरून पुसल्यास, की तीन डिस्कांपैकी जी जाईल तिचा माल कायमचा गेला. म्हणून प्रत्येकीची जोडी हवी: १अ, १ब. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं रूढ केलेला नियम आहे: मूळ धरून प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, एक प्रत दुसऱ्या जागी. आपल्या कोल्हापुरात ती दुसरी जागा सगळ्यात महत्त्वाची. २०१९ला आणि २०२१ला पंचगंगा गावात शिरली, तेव्हा तळमजल्यावरच्या एकाच कपाटात दोन्ही प्रती ठेवणाऱ्याला जोडीचा काय उपयोग? ‘ब’ संच पुण्याला आत्याकडे जाऊ दे.

कॉपी पूर्ण झाली म्हणजे बरोबर झाली असं नाही. टेराकॉपीसारख्या सॉफ्टवेअरनं पडताळून घे, मगच कॅमेऱ्यातलं कार्ड पुसायचं. कुठल्या डिस्कवर काय आहे त्याची साधी टेक्स्ट यादी कर आणि ती फोनमध्येही ठेव. कपाटातली डिस्क वर्षातून एकदा तरी लावून चार-दोन फाइली उघडून बघ.

सहा डिस्कांचे पैसे एकदम निघत नसतील, तर आज दोनच घे. ज्यांचे अल्बम अजून द्यायचे आहेत ती कामं आधी दोन्हीवर टाक. जुनी लग्नं त्यानंतर.