नाममुद्रा आणि लेखक : लेस्ली मॅक्फार्लेन यांच्या किशोर-रहस्यकथांच्या निमित्ताने

एखाद्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर छापलेले नाव म्हणजेच त्या ग्रंथाचा कर्ता, हे समीकरण आपण सहसा तपासून पाहत नाही. भारतीय भाषांच्या अभ्यासकाला मात्र ते तसे निःशंकपणे स्वीकारता येत नाही. नामदेवांच्या नाममुद्रेने आलेल्या अभंगांत विष्णुदास नामा यांच्यासारख्या उत्तरकालीन कवींची रचना मिसळलेली आहे आणि ती वेगळी करण्यासाठी संशोधकांना फार परिश्रम करावे लागले आहेत. एकाच नावाखाली अनेकांनी लिहावे ही घटना आपल्याला अपरिचित नाही. विसाव्या शतकातील उत्तर अमेरिकेत हीच घटना निराळ्या कारणाने घडली. तिचा विचार प्रस्तुत लेखात एका लेखकाच्या आधारे करावयाचा आहे.

लेस्ली मॅक्फार्लेन यांचा जन्म १९०२ साली कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झाला. त्यांचे बालपण त्याच प्रांताच्या उत्तर भागातील हेलिबरी या लहानशा गावी गेले. गाव एका मोठ्या सरोवराच्या काठी वसलेले. जवळच कोबाल्ट येथील चांदीच्या खाणी. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. तरुण लेस्लींनी परिसरातील वृत्तपत्रांत बातमीदारी केली. पुढे अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वार्ताहर असताना, १९२६ साली, एका व्यावसायिक नियतकालिकातील जाहिरात त्यांच्या वाचनात आली. कथालेखक हवे होते. जाहिरात देणारे गृहस्थ होते एडवर्ड स्ट्रॅटमायर.

स्ट्रॅटमायर यांनी किशोरवाङ्मयाचा जणू कारखानाच उभारला होता. कथेची कल्पना आणि प्रकरणवार आराखडा त्यांचा. त्या आराखड्यावरून पूर्ण पुस्तक लिहून द्यायचे काम भाडोत्री लेखकाचे. पुस्तकावर सिंडिकेटच्या मालकीचे एखादे काल्पनिक नाव छापले जाई. लेखकाला एकरकमी मोबदला मिळे. पुढील आवृत्त्यांवर त्याचा हक्क राहत नसे आणि आपण हे पुस्तक लिहिले असे सांगण्याची मोकळीकही त्याला नसे. ‘हार्डी बॉईज’ या मालेची पहिली तीन पुस्तके १९२७ साली निघाली, ती फ्रँकलिन डब्ल्यू. डिक्सन या नावाने. अशा नावाचा कोणी मनुष्य नव्हता. लिहिणारे होते मॅक्फार्लेन, आणि त्यांना या पुस्तकांचे प्रत्येकी १२५ डॉलर मिळाले. मंदीच्या काळात हा दर ८५ डॉलरपर्यंत उतरला.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. कथानक दुसऱ्याचे, नाव दुसऱ्याचे, हक्क दुसऱ्याचे. मग लेखकाचे असे काय उरले? याचे उत्तर संहितेतच शोधावे लागते. आराखडा घटना सांगतो. घटना कोणत्या सुरात सांगावी हे तो सांगू शकत नाही. मॅक्फार्लेन यांनी हा सूर विनोदाचा ठेवला. त्यांचे पोलीस अधिकारी कॉलिग आणि गुप्तहेर स्मफ हे बढाईखोर व निरुपयोगी आहेत. हार्डी बंधू त्यांना सहज चकवतात. कायद्याच्या रक्षकांची अशी थट्टा सिंडिकेटला रुचली नाही आणि तशी समज लेखकाला देण्यात आली. फणकाऱ्याने बोलणारी पण मनाने प्रेमळ गर्ट्रूड आत्या आणि पानभर चालणारी भोजनवर्णने यांतही तोच हात दिसतो. लहान गावात प्रत्येक अधिकारी सर्वांच्या परिचयाचा असतो, म्हणून त्याचा दरारा फारसा टिकत नाही. बेपोर्ट हे कथेतील नगर काल्पनिक असले, तरी तेथील हा मिस्कीलपणा हेलिबरीच्या अनुभवातून आला असावा, असे मानण्यास जागा आहे.

याचा अर्थ मॅक्फार्लेन यांना या लेखनाचा अभिमान होता, असा मात्र नव्हे. स्वतःच्या नावाने त्यांनी नियतकालिकांसाठी विपुल कथा लिहिल्या, प्रौढ वाचकांसाठी कादंबऱ्या लिहिल्या. पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात लेखन-दिग्दर्शनही केले. किशोरकथा हे त्यांच्या दृष्टीने संसार चालविण्याचे साधन होते आणि १९३०नंतरच्या दैनंदिनीत त्याविषयीचा कंटाळा वारंवार नोंदलेला आहे. तरीही काम बेगारीसारखे उरकायचे नाही, हे त्यांनी आरंभीच ठरविले होते. सुमारे वीस वर्षांत त्यांनी या मालेतील वीसच्या आसपास पुस्तके लिहिली. कपाटातील ही पुस्तके आपल्याच वडिलांनी लिहिली आहेत, हे त्यांच्या मुलालाही बऱ्याच उशिरा कळले.

खरा आघात पुढे झाला. १९५९पासून सिंडिकेटने जुन्या पुस्तकांच्या सुधारित आवृत्त्या काढण्यास प्रारंभ केला. त्यामागील एक कारण न्याय्यच होते. जुन्या संहितांत कृष्णवर्णीय व परदेशी पात्रांची अवमानकारक चित्रणे होती आणि ती काढणे आवश्यक होते. परंतु त्यासोबत भाषा सपाट झाली, प्रकरणे पंचवीसवरून वीसवर आली, विनोद ओसरला. काही पुस्तकांचे तर कथानकच बदलले. शीर्षक तेच, डिक्सन हे नावही तेच, पण त्या नावामागचे लेखन नाहीसे झाले. मॅक्फार्लेन यांनी १९७६ साली ‘घोस्ट ऑफ द हार्डी बॉईज’ या आत्मकथनात हा सारा इतिहास मांडला. दुसऱ्याच्या नावाने लिहिणाऱ्याला इंग्रजीत ‘घोस्ट’ म्हणजे भूत म्हणतात, हे ध्यानी घेतले म्हणजे शीर्षकातील उपरोध उमगतो. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

मराठीत भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा फास्टर फेणे निर्माण केला, तो स्वतःच्या नावाने. त्यामुळे फेणेच्या वाचकाला भागवतांची शैली ओळखता येते आणि समीक्षकाला तिची चर्चा करता येते. मॅक्फार्लेन यांच्या वाचकाला ही सोय नव्हती. नामदेवांची मुद्रा उत्तरकालीन कवींनी घेतली तिच्या मुळाशी परंपरेविषयीची आत्मीयता होती. डिक्सन हे नाव करारान्वये वापरले गेले. दोन्हींत कर्ता झाकला जातो, पण पहिल्या प्रकारात तो परंपरेत सामावतो, तर दुसऱ्यात तो केव्हाही बदलता येतो. म्हणून किशोरवाङ्मयाच्या अभ्यासकाने केवळ लोकप्रिय नावावर विसंबू नये. आवृत्ती कोणती आहे हे आधी पाहावे. १९२७ची संहिता आणि १९५९नंतरची संहिता यांना एकच पुस्तक समजणे म्हणजे लेखकाला पुन्हा एकदा निनावी करणे होय.