सांत आणि अनंत

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कधी समुद्राच्या काठी बसला आहात का? मूठभर वाळू घ्या आणि तिचे कण मोजू लागा. थोड्याच वेळात तुम्ही कंटाळाल आणि म्हणाल, "छे! हे कण तर अनंत आहेत." बोलताना आपण असे सहज म्हणतो. गणितात मात्र 'अनंत' हा शब्द जपून वापरावा लागतो.

आधी शब्दांचा अर्थ पाहू. 'अंत' म्हणजे शेवट. ज्याला अंत आहे ते सांत. ज्याला अंत नाही ते अनंत. गणिताच्या तासाला तुम्ही यांनाच 'मुतनाही' आणि 'लामुतनाही' म्हणता.

तुमच्या वर्गातील मुले मोजा. मोजणी कोठेतरी संपते. म्हणून वर्गातील मुलांचा संच सांत आहे. आता १, २, ३, ४ अशा संख्या म्हणू लागा. कितीही मोठी संख्या सांगा, तिच्यात १ मिळवला की तिच्याहून मोठी संख्या मिळते. शेवटची संख्या नाहीच! म्हणून या संख्यांचा संच अनंत आहे.

मग वाळूच्या कणांचे काय? हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे २२०० वर्षांपूर्वी सिसिली बेटावरील सिराक्यूज शहरात आर्किमिडीज नावाचा थोर गणितज्ञ राहत होता. वाळूचे कण अनंत आहेत, असे त्या काळी काही लोकांना वाटे. आर्किमिडीजला हे पटले नाही. त्याने गेलॉन राजाला उद्देशून एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याने फक्त किनाऱ्यावरची वाळू मोजली नाही. सगळे विश्वच वाळूने भरले तर किती कण लागतील, याचा त्याने हिशोब केला! त्या वेळी ग्रीक भाषेत दहा हजारांहून मोठ्या एककाला स्वतंत्र नाव नव्हते. म्हणून त्याने मोठ्या संख्या सांगण्याची नवी रीतच तयार केली. आजच्या पद्धतीने लिहिले तर त्याचे उत्तर असे येते : १ वर ६३ शून्ये मांडली, तर होणाऱ्या संख्येपेक्षा ते कण जास्त नसतील. संख्या प्रचंड आहे, पण तिला शेवट आहे. म्हणजे वाळूचे कण सांतच आहेत.

अनंताची आणखी एक गंमत पाहा. कप आणि बश्या सारख्याच आहेत की नाहीत, हे न मोजताही कळते. प्रत्येक बशीवर एक कप ठेवा. काहीच उरले नाही, तर दोन्ही सारखे. आता प्रत्येक संख्येसमोर तिचा वर्ग लिहा :

१ – १
२ – ४
३ – ९
४ – १६

वर्गसंख्या कमी असाव्यात असे वाटते, कारण त्यांत २, ३, ५ नाहीत. पण प्रत्येक संख्येला तिचा वर्ग मिळतो आणि कोणीच उरत नाही! गॅलिलिओने १६३८ साली आपल्या ग्रंथात हे दाखवले. 'कमी', 'जास्त', 'समान' हे शब्द अनंताला लागू पडत नाहीत, असे त्याचे मत झाले. पुढे १८८८ साली डेडेकिंड या जर्मन गणितज्ञाने हीच अनंताची ओळख ठरवली. अनंत संचात भागाची जोडी पूर्णाशी लावता येते. सांत संचात तसे होत नाही. एक कप फुटला, तर एक बशी रिकामी राहणारच.

मित्रांनो, मोजणारा थकला म्हणून वस्तू अनंत होत नाही. यापुढे 'अनंत' म्हणण्यापूर्वी स्वतःला विचारा : मोजणी खरोखर संपत नाही, की मीच थांबलो आहे?

शब्दार्थ
कण – दाणा, बारीक तुकडा
थोर – मोठा, श्रेष्ठ
प्रचंड – फार मोठा
रीत – पद्धत

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सांत म्हणजे काय?
(आ) आर्किमिडीज कोठे राहत होता?
२. सांत की अनंत ते ओळखा.
(अ) तुमच्या शाळेतील पुस्तके
(आ) सम संख्या
(इ) भारतातील झाडांची पाने
३. सम संख्यांची जोडी १, २, ३, ४... या संख्यांशी लावून दाखवा.