डबीतला रुपया आणि त्यावरची चिठ्ठी



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली त्या आठवड्यातली गोष्ट. सातवीतल्या एका विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत एक पारदर्शक प्लॅस्टिकची डबी आणली. डबी चारही बाजूंनी बंद होती. आत सहाव्या जॉर्ज बादशहाचा चांदीचा रुपया, साल १९३९. वरच्या छापील चिठ्ठीवर एका परदेशी संस्थेचे नाव, एक लांबलचक क्रमांक आणि '६३' असा आकडा होता. त्याच्या वडिलांनी तो एका फिरत्या विक्रेत्याकडून नऊ हजारांना घेतला होता, तेही तंबाखूची पट्टी हातात आली त्याच दिवशी. सायंकाळी वडील स्वतःच शाळेत आले आणि म्हणाले, "सर, डबीत बंद हाय म्हंजे पक्कं असतंय न्हवं?"

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. पुढचे आठ-दहा दिवस आम्ही आणि आठवी-नववीच्या मुलांनी या एका रुपयाचा अभ्यास केला. तोच येथे देत आहोत.

प्रथम ही डबी म्हणजे काय ते पाहू. जुनी नाणी विकणारा आपले नाणे चांगलेच म्हणणार आणि घेणारा त्यात खोट काढणार. म्हणून दोघांशी संबंध नसलेल्या तिसऱ्याने नाणे पाहावे, खरे-खोटे सांगावे, ते किती झिजले आहे याला गुण द्यावेत आणि डबीत मोहोरबंद करावे, अशी पद्धत अमेरिकेत रूढ झाली. पीसीजीएस ही संस्था १९८६ साली आणि एनजीसी १९८७ साली निघाली. गुण १ ते ७० असतात. ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मांडली. ६० च्या पुढचे गुण म्हणजे नाणे व्यवहारात फिरलेलेच नाही.

आपल्याकडे तिसऱ्याची साक्ष काही नवीन नाही. हुपरीचे कारागीर चांदीचा टंच काढून घेतात, सराफ कसोटीवर कस लावतो. सोन्याच्या दागिन्यांना जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. तो शिक्का दुकानदार मारत नाही, मान्यताप्राप्त तपासणी केंद्र मारते. दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो आणि तो 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर कोणालाही पडताळता येतो. (मंगळसूत्रावरचा हा क्रमांक आमच्या किती भगिनींनी तपासून पाहिला आहे, हे आम्ही पालक सभेत विचारणार आहोत.)

पण टंच आणि गुण यांत एक मोठा फरक आहे. ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. हे मोजता येते आणि उद्या दुसरीकडे मोजले तरी तेच येते. नाण्याचे ६३ गुण मात्र डोळ्यांनी ठरतात. ते जाणकाराचे मत आहे आणि जाणकारही चुकतो.

त्याचे गाजलेले उदाहरण तंबाखूच्याच धंद्यातले आहे. निपाणीच्या पेठेजवळ राहणाऱ्या आपल्याला ते चटकन कळेल. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटात बेसबॉल खेळाडूंची चित्रे घालत असे. होनस वॅग्नर या खेळाडूने हरकत घेतल्यामुळे त्याची चित्रे फारच थोडी बाहेर पडली. त्यांतले एक चित्र १९९१ साली लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरना विकले गेले. पुढे पीएसए या नव्या संस्थेने ज्याला सर्वांत पहिल्यांदा गुण दिले ते हेच चित्र. दहापैकी आठ गुण मिळाले. २००७ साली त्याला २८ लाख डॉलर आले. आणि २०१३ साली बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने अमेरिकेच्या न्यायालयात कबुली दिली की, कडा तीक्ष्ण दिसाव्यात म्हणून १९९१ च्या विक्रीपूर्वी आपणच ते चित्र कातरले होते! चित्र खोटे नव्हते. कागद जुना, छपाई जुनी, फक्त कड नवी होती. ती तपासणाऱ्यांकडून सुटली.

हे वाचल्यावर आम्ही आमच्या रुपयाकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो.

पहिले काम सोपे होते. चिठ्ठीवरचा क्रमांक आम्ही त्या संस्थेच्या संकेतस्थळावर घातला. समोर आला राणी व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया, छायाचित्रासह. म्हणजे क्रमांक खरा, पण दुसऱ्याच नाण्याचा. डबी नकली होती. अशा नकली डब्या बाजारात आहेत, असा इशारा या संस्था स्वतःच देतात. ही पडताळणी पाच मिनिटांची आणि फुकट. ती पैसे देण्याआधी करायची असते.

पण डबी खोटी म्हणून आतले नाणेही खोटेच, असे म्हणता येत नाही. वडिलांनी मन घट्ट केले आणि स्वतःच्या हाताने डबी फोडली.

आता नववीचा धडा. एका सराफांकडून शंभरावा भाग दाखवणारा काटा मागून आणला. इंग्रजी अमलातला हा रुपया वजनाने एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. (हल्ली पेढीवर तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतात, तो तोळा वेगळा.) आमचा भरला ११.६१. थोडी झीज धरता ठीक. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि रुपया बारीक दोऱ्याने पाण्यात असा सोडला की तो पूर्ण बुडावा, पण पेल्याला कोठेही टेकू नये. काट्याने १.१३ दाखवले. हे बाजूला सरलेल्या पाण्याचे वजन. ११.६१ ला १.१३ ने भागले की घनता सुमारे १०.३ येते. शुद्ध चांदीची घनता १०.५ आणि तांब्याची जवळपास ९. या रुपयात हजारात ९१७ भाग चांदी असते, तेव्हा १०.३ अगदी बरोबर. जर्मन सिल्व्हरचा असता, तर काट्याने १.३ च्या वर दाखवले असते.

वर्गात टाळ्या पडल्या. वडिलांचाही चेहरा खुलला. आम्हीही आनंदलो, आणि ती आमची चूक होती.

कारण १९३९ चा रुपया एवढा महाग का, हे आम्ही पाहिलेच नव्हते. महायुद्धाच्या तोंडावर मुंबई टाकसाळीतून त्या सालचे रुपये फारच थोडे बाहेर आले आणि १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. १९३८ चा रुपया मात्र भरपूर मिळतो, त्याच चांदीचा, त्याच वजनाचा. लबाड लोक त्यातल्या ८ चा ९ करतात. तो काट्यावर खराच ठरतो, कारण चांदी खरी, राजा खरा, टाकसाळ खरी. खोटा आहे तो एकच आकडा.

मुलांनी भिंग लावले. पहिल्या तीन आकड्यांभोवतीचा पृष्ठभाग एकसारखा काळपट होता. ९ च्या खालच्या अंगाला मात्र बारीक ओरखडे होते आणि तेवढीच जागा जास्त चकचकीत होती. दुसऱ्या आठवड्यात वडील तो रुपया नाण्यांच्या एका अभ्यासकांना दाखवून आले. त्यांनीही १९३८ चाच म्हणून सांगितले.

विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. पोलिसांत अर्ज दिला आहे. रुपया चांदीच्या भावाने अजूनही काही मोलाचा आहे, पण नऊ हजारांचा नव्हे.

येथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. "तुमच्या जुन्या नोटेला लाखो रुपये मिळतील, आधी दाखल्याचे पैसे भरा," असे फोन आपल्या भागातही येतात. रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून शुल्क मागणाऱ्यांबद्दल बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केले आहे. असा व्यवहार बँक करत नाही आणि त्यासाठी कोणाला नेमतही नाही.

पुढच्या दोन शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडी राहील. घरातले लक्ष्मीपूजनाचे रुपये पालकांनी मुलांबरोबर स्वतः घेऊन यावे. वजन आणि घनता मुले काढून देतील, साल भिंगाखाली पाहू. जे आम्हाला कळणार नाही ते कळत नाही म्हणून सांगू. कृपया आणण्यापूर्वी रुपये चिंचेने किंवा रांगोळीने घासू नयेत. घासलेल्या नाण्याला या संस्था गुणांचा आकडाच देत नाहीत, आणि आमच्या भिंगालाही मग काही दिसत नाही.